माझ्या रजिस्टरात स्वरा बोलत होती

आधी एक कबूल करते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी दया यायला नको. माझी नात स्वरा हिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. तिच्यात काहीतरी वेगळं आहे हे ती दोन वर्षांची असतानाच मला दिसलं होतं. डॉक्टरांपर्यंत ती पोचली साडेचार वर्षांची झाल्यावर. मधली अडीच वर्षं मी खाल्ली.

मी कुसुमबाई. भूम तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीची बाई होते, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन, उंची, दंडाचा घेर आणि त्याच्या आईची अक्कल मोजायचं काम माझ्याकडं होतं. शेवटचं काम सरकारनं दिलेलं नव्हतं, ते मी आपण होऊन करायची.

नातीचं नावही मीच ठेवलं. बारशाला चार बायकांत मिरवून सांगितलं, ‘स्वरा ठेवलंय, घरात गाणं पाहिजे.’ पुढं साडेचार वर्षं घरात किंकाळी होती आणि माझी बडबड होती. तिसरा आवाज सुनेच्या रडण्याचा, पण ती मोरीचा नळ सोडून रडायची, त्यामुळं तो मोजायला नको.

हिरवा पट्टा

आम्हाला प्रशिक्षणात सगळं शिकवलेलं होतं. मूल नावानं हाक मारल्यावर वळतं का, बोटानं दाखवतं का, डोळ्यात बघतं का, दुसऱ्या लेकरांत मिसळतं का. मी ते वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. ते ज्ञान दुसऱ्यांच्या लेकरांसाठी आहे अशी माझी समजूत असावी.

स्वरा हाकेला वळत नव्हती. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायची, ते पडलं की परत फिरवायची, असं दुपारपर्यंत. पायाच्या बोटांवर चालायची. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटायची. हे सगळं मी रोज दहा ते दोन अंगणवाडीत आणि दोननंतर घरात बघत होते. आणि रजिस्टरात काय लिहीत होते? वजन हिरव्या पट्ट्यात, म्हणजे व्यवस्थित. उंची बरोबर. आणि ती तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या कार्डावर मी माझ्या त्याच सुबक अक्षरात लिहिलं: ‘बोलते. लहान वाक्ये करते.’ खाली सही.

त्या सहीवाल्या बाईला आज मी समोर बसवलं असतं तर तिची काय गत केली असती, ते लिहीत नाही. तिची मिजास काय सांगू! एकदा मातांच्या बैठकीत तिनं एका बाईला उभं केलं होतं. त्या बाईनं लेकराचा वाकडा पाय वर्षभर झाकून ठेवला होता. आमच्या कुसुमबाई भर बैठकीत म्हणाल्या, “पोराचा पाय झाकलास, तुझी अक्कल कुठं झाकलीस?” बायका हसल्या. ती बाई खाली बघत राहिली. कुसुमबाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं.

वर्षातून दोनदा तपासणीची गाडी यायची. गाडीतले डॉक्टर एकेक लेकरू समोर घेऊन बघायचे. गाडीचा निरोप आला की मी सकाळीच सुनेला, सविताला, सांगायची, “आज लेकराला शेतात ने. परक्या माणसांची नजर लागती.” पाच वेळा गाडी आली, पाच वेळा स्वरा गैरहजर. पाचही वेळा मी गाडीतल्या डॉक्टरांना चहा पाजला आणि आमच्या अंगणवाडीची हजेरी कशी चांगली आहे ते सांगितलं.

सविता दहावी शिकलेली, येरमाळ्याकडची. तिला कळत होतं. एकदा ओट्यावर मी आणि शेजारीण शेंगा फोडत बसलो होतो, तर ती येऊन म्हणाली, “आत्या, पोरगी माझ्याकडं बघतच न्हाय. कुठंतरी दाखवू या.”

मी म्हटलं, “तुझ्याकडं बघण्यासारखं हाय तरी काय?”

शेजारीण खो खो हसली. मीही हसले. सविता आत गेली आणि नळ सुटल्याचा आवाज आला.

दवाखान्यात मी नेलं नाही, पण मी गप्प बसले असंही नाही. वेखंड उगाळून रोज स्वराच्या जिभेवर चोळायची. ती तोंड उघडायची नाही, म्हणून दोन बाजूंनी अंगठ्यानं जबडा दाबून धरायची. ती चावायची, मी चापट मारायची, मग परत वेखंड. चिमणीचं उष्टं पाणी पाजलं की लेकरू बोलतं म्हणून भिंतीवर ताटलीत पाणी ठेवून चिमणीची वाट बघत बसायची. सही-शिक्क्याची बाई, गावाला लसीकरण शिकवणारी, सकाळी सात वाजता हात जोडून चिमणीला म्हणतेय, ‘पी गं बाई, पी.’ चिमण्यांनाही माझी लाज वाटली असेल. त्या शेजारच्या भिंतीवर बसायच्या.

धाराशिव

शेवटी सवितानं विचारायचं बंद केलं. एका सोमवारी स्वराला कडेवर घेतलं, पिशवीत दोन कपडे टाकले आणि नुसतं सांगितलं, “धाराशिवला चाललेय.” माझा मुलगा दत्ता टेम्पो घेऊन बार्शीला गेलेला. मी ‘सोबत’ म्हणून निघाले. खरं कारण वेगळं होतं. ती तिथं काय सांगते ते मला ऐकायचं होतं.

एसटीत स्वरा भूमपासून ओरडत होती. एकजण म्हणाला, “पोरीला काय इंचू चावला काय?” दुसरी म्हणाली, “आईला सांभाळता येत न्हाय, दुसरं काय.” हे मी रोज घरी म्हणत होते तेच वाक्य. परक्या बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते किती घाण आहे ते कळलं.  कंडक्टरनं मात्र तिकिटाच्या मशीनमधनं कोऱ्या कागदाची लांब पट्टी काढून स्वराच्या हातात दिली. ती डोळ्यांसमोर हलवत स्वरा धाराशिवपर्यंत गप्प बसली. साडेचार वर्षांत माझ्या डोक्यात जे आलं नाही ते त्याच्या डोक्यात दोन मिनिटांत आलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सविताला सगळं विचारलं, स्वराला खाली बसून बघितलं, मग कार्ड उघडलं. कार्ड वाचता वाचता थांबल्या.

“तीन वर्षांची असताना वाक्यं बोलत होती?”

“न्हाय मॅडम,” सविता म्हणाली. “एक शब्द न्हाय. कधीच न्हाय.”

“इथं सेविकेनं लिहिलंय. सही आहे. आलेली भाषा गेली असेल तर प्रकार वेगळा होतो. मग मला झटके वगैरे नाहीत ना ते आधी बघावं लागेल. नीट आठवून सांगा.”

सवितानं माझ्याकडं बघितलं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो ज्यांना ती सही कुणाची ते माहीत होतं. “आत्या, तुमी सांगा.”

मी म्हटलं, “बोलायची की. थोडंथोडं. आई शेतात असती, तिला काय माहीत.”

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं. चहा केला, प्यायले, परत बसले. पुढचं लिहिते.

माझ्या त्या वाक्यामुळं स्वराला तीन दिवस भरती केलं. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. कागद खरा धरून त्यांनी जे करायचं तेच केलं. डोक्याला तारा लावून आलेख काढायचा होता आणि मेंदूचा फोटो काढायचा होता. जिच्या डोक्याला कंगवा लागलेला चालत नाही तिच्या केसांत चिकट मलम लावून वीसेक तारा. झोपेचं औषध पाजलं ते तिनं उलटून टाकलं. मग सुई. एका नर्सनं हात धरला, एकीनं खांदे, सवितानं डोकं. पाय मी धरले. स्वराच्या पायात किती ताकद आहे ते मला त्या दिवशी कळलं. तिनं ओरडून ओरडून आवाज बसवून घेतला, तरी तोंड उघडं ठेवून ओरडतच होती, नुसती हवा येत होती. आणि मी मनात काय म्हणत होते? ‘आता सांगितलं तर आणखी वाईट दिसेल.’

त्या वॉर्डात एक झाडूवाली मावशी होती. स्वरा सारखी खाटेखाली घुसायची आणि मी तिला पाय धरून बाहेर ओढायची. मावशी म्हणाली, “असू द्या की तिथंच. कुणाचं काय घेती?” आणि तिनं चादर अशी खाली सोडली की खाटेखाली खोली झाली. स्वरा दोन दिवस त्या खोलीत राहिली. जेवण सविता आत सरकवायची. मावशी तेवढ्यापुरती त्या बाजूनं फरशी पुसायची नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. फोटो स्वच्छ, आलेख स्वच्छ. “मग भाषा गेली कशी?” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि आणखी एक तपासणी सोलापूरला करावी लागेल म्हणाल्या.

सविता खुर्चीवरनं उठली. ती मला म्हणाली नाही, डॉक्टरांना म्हणाली नाही. भिंतीकडं बघून म्हणाली, “परत सुई लावली तर मी इथंच मरीन.”

तेव्हा मी म्हटलं, “खोटं लिहिलंय ते. मीच लिहिलंय. सेविका मीच.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “का?”

“नोकरी जाईल म्हणून.” हेही खोटंच होतं. नोकरीला कुणी हात लावला नसता. मला लाज वाटत होती, एवढंच. पण लाज वाटत होती असं सांगायचीही लाज वाटली.

त्यांनी माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग आम्हाला सांगितलं, स्वमग्नता आहे. मी विचारलं, गोळी कोणती? त्या म्हणाल्या, गोळी नाही. मी विचारलं, किती दिवसांत बरी होईल? त्या म्हणाल्या, “हा ताप नाही, आजी, उतरायला. ती अशी आहे. तिला तुमच्यात राहायला शिकवायचं आणि तुम्हाला तिच्याबरोबर.” सवितानं तेवढ्यात पदरानं तोंड पुसलं आणि वहीत ‘ऑटिझम’ लिहून घेतलं. स्पेलिंग विचारून घेतलं. त्या नावाची मला भीती वाटली. तिला मात्र, इतकी वर्षं ती वेडी नव्हती याचा कागद मिळाल्यासारखं झालं असावं.

एसटी स्टँडवर ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. “उद्यापास्नं स्वराला हात लावायचा न्हाय, आत्या.”

साडीचा दोर

घरी दत्ताला कळलं. तो टेम्पोचं फडकं हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, माझ्या कार्डावर तू काय काय लिहिलं होतंस?” एवढंच. त्यानंतर तो जेवायला बसला की ताट घेऊन ओसरीत जायचा. माझ्याशी बोलायचा नाही, सविताशीही नाही. दोन बायका आणि एक मुकी पोर यांच्यात आपण कुठं बसायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो भाडं लांबचं घ्यायचा.

सविता स्वराला शेतात न्यायला लागली. शेतात विहीर आहे, कठडा नाही. म्हणून जुन्या साडीनं लेकराचा पाय लिंबाच्या झाडाला बांधायची आणि खुरपायला लागायची. मी त्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन घरात मोकळी, अंगणवाडीत तीस-तीस लेकरं सांभाळलेली. आणि माझी नात झाडाला.

डॉक्टरांनी धाराशिवच्या एका मॅडमचा पत्ता दिला होता. शेख मॅडम. त्या आईबापांना शिकवायच्या, म्हणजे लेकराला त्यांच्याकडं सोडायचं नाही, आपणच घरी शिकवायचं. पंधरा दिवसांतून एकदा भूमला वर्ग. सविता दोनदा गेली. तिसऱ्यांदा खुरपणीमुळं गेली नाही, तर मॅडम स्वतः गावात आल्या आणि शोधत शोधत थेट शेतात पोचल्या. लिंबाखाली साडी बघितली. रागावल्या नाहीत. खाली बसल्या आणि विचारलं, “घरी कोण असतं?”

“आत्या असत्यात. पण त्यांच्याकडं देणार न्हाय.”

“त्यांना शिकवलं तर?”

“त्यांना?” सविता म्हणाली. “त्यांना कोण शिकवणार? त्या सगळ्या गावाला शिकवत्यात.”

हे मला मॅडमनीच नंतर हसत सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या ओसरीत बसल्या आणि सवितानं माझ्यासमोर अट घातली. दसऱ्यापर्यंत. तोपर्यंत स्वरा माझ्या हातनं काहीतरी एक गोष्ट शिकली, काहीही, तर ती इथं राहील. नाहीतर दसरा झाला की सविता तिला घेऊन येरमाळ्याला माहेरी जाणार, आणि परत येणार नाही. तिची आई तिथं लेकराला सांभाळायला तयार होती.

“आणि त्यांना म्या शिकवणार,” सविता म्हणाली. “मॅडम मला शिकवतील, म्या आत्यांला.”

दसऱ्याला चार महिने होते.

त्या घरात सासू नव्हती

मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक आई आणि एक मूल, मोठ्या खोलीत गालिच्यावर समोरासमोर. रंगीत ठोकळे. खिडकीला पडदा. ती आई तासभर फक्त त्या मुलाकडं बघत होती. तिला कुणी हाक मारत नव्हतं, दूध उतू जात नव्हतं, दारात कुणी ‘साखर हाय का’ म्हणत नव्हतं. मी म्हटलं, “मॅडम, हिचं बरोबर चाललंय, कारण ह्या घरात सासू न्हाय.”

मॅडम हसल्या. सविता हसली नाही.

मॅडमनी आणलेल्या पेटीत सफरचंद, बस, टेलिफोन असली चित्रांची कार्डं होती. स्वरानं त्यातलं एक कार्ड तोंडात घातलं आणि बाकीची फिरवली. मॅडमनी ती पेटी बंद केली. म्हणाल्या, ही आमच्या वर्गाची पेटी आहे, तुमच्या घराची नाही. दिवसभर घरात जे होतं त्यातच बसवू. भाकरी थापताना, शेळीला पाला घालताना, हंडा भरताना. वेगळा अर्धा तास काढायचा नाही. नाहीतरी तुमच्याकडं तो नाहीच.

मग नियम सांगितले. लेकराच्या समोर खाली बसायचं, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. माझे गुडघे तेव्हाच म्हणाले, आम्ही येत नाही. ती ज्याच्याकडं बघते त्याचंच नाव घ्यायचं, आपल्या मनातलं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. आणि एकदा बोललं की मनात पाच मोजेपर्यंत गप्प बसायचं, तिला वेळ द्यायचा.

शेवटच्या नियमानं मला मारलं. सत्तावीस वर्षं मी एकच काम केलं होतं. ‘हे काय? सांग, हे काय? कावळा. म्हण, कावळा. म्हण की!’ पाच मोजेपर्यंत गप्प बसणं मला उपासापेक्षा अवघड. स्वरा झाकण फिरवायची आणि मी समोर मांडी घालून म्हणायची, “फिरतंय.” एक, दोन. “फिरतंय बघ, सोन्या, कसं फिरतंय, कोण फिरवतंय?”

“पाच मोजा, आत्या,” दारातनं आवाज यायचा.

शेजारीण डोकावून गेली आणि गावात सांगितलं की येड पोरीकडनं आजीकडं आलंय, आजी झाकणाशी बोलती.

सविता शेतातनं आली की परीक्षा. ती दहापैकी मार्क द्यायची. पहिल्या दिवशी दोन.

“दोन कशाचे?” मी विचारलं.

“पोर जिवंत हाय, त्याचे.”

मी तिला सात वर्षं रोज मार्क देत आले होते, भाकरीला, झाडायला, पदर घ्यायला. तिच्या मार्कांत निदान कारण सांगितलेलं असायचं.

दुसऱ्या महिन्यात एके दिवशी कुकरची शिट्टी झाली, स्वरानं माझा दंड चावला, रक्त आलं, आणि मी तिच्या थोबाडीत मारली. जोरात. चार बोटं उमटली. सवितानं संध्याकाळी गाल बघितला. मार्क दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वरा परत लिंबाखाली. आठ दिवस. मी एकदा लांबून बघून आले. पायाला साडी, हातात एक वाळकी काडी, ती डोळ्यांसमोर हलवत होती. माझ्याकडं बघितलं नाही. तिनं कधी बघितलं होतं म्हणून आता बघेल?

दही

मॅडमनी आठ दिवसांनी येऊन मला विचारलं, “ती चावते तेव्हा काय म्हणते?”

मी म्हटलं, “काय म्हणणार? चावती.”

“ती ‘नको’ म्हणते. तिच्याकडं दुसरा शब्द नाही. चावलं की तुम्ही थांबता, हे तिला तुम्हीच शिकवलंय. आता दुसरं काहीतरी शिकवा. हाताचा तळवा पुढं करून ढकलायचं. आणि ढकललं की त्याच क्षणी थांबायचं. एकदा जरी ‘थांब, एवढं होऊ दे’ म्हणालात तर ती परत दातांवर जाईल.”

आता गंमत बघा. ‘नको’ शिकवायचं तर तिला नको असलेलंच द्यावं लागतं. स्वराला दही बघवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी समोर बसून दह्याची वाटी पुढं करायची आणि सविता तिच्या मागं बसून तिचा हात हातात घेऊन वाटी ढकलायची. ढकलली की मी वाटी लगेच मागं घ्यायची आणि म्हणायची, “नको. बरं.” परत पुढं, परत ढकल, परत मागं. दहा वेळा. सासू-सून एवढ्या जवळ आम्ही कधीच बसलो नव्हतो. मधे लेकरू, माझ्या हातात वाटी, तिच्या हातात लेकराचा हात. कधीकधी तिच्या हाताचा जोर लेकराच्या हातापेक्षा जास्त असायचा आणि दही माझ्या लुगड्यावर यायचं. मी म्हणायची, “नको. बरं.” नियमच होता.

हळूहळू सवितानं हात सैल सोडला, मग नुसतं कोपराला बोट लावायची. पण स्वरा आपण होऊन ढकलत नव्हती. बोट काढलं की हात मांडीवर पडून राहायचा आणि तोंड माझ्या मनगटाकडं यायचं. श्रावण गेला, गणपती गेले. माझ्या मनगटावर दातांच्या खुणा अजून आहेत. दाखवायला बऱ्या.

ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना इथं थोडं सांगते, कारण पुढं मला वेळ मिळणार नाही. लेकराकडं तुम्हाला जे दिसतं ते पहिल्याच दिवशी कुणालातरी सांगा, चुकलं तर चुकलं. घरातल्या म्हातारीला वर्गातनं वगळू नका. तिला शिकवलं नाही तर ती तिचं शिकवेल, आणि ते वेखंड असेल. पण तिच्यावर लगेच विश्वासही ठेवू नका. आणि म्हातारीला सांगायचं तर, बाई, तू शहाणी आहेस हे सगळ्यांना माहीत आहे, आता पाच मोज.

वेणी

घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन काढतात. गोधड्या, भांडी, भिंती. त्यात लेकरांची डोकीही आली. दही हा सराव होता, वेणी हा सराव नव्हता. डोक्यात उवा झालेल्या, घरात पाहुणे येणार, आणि अंगणवाडीच्या बाईच्या नातीचं डोकं पिंजारलेलं कसं चालेल? स्वराला दोन गुडघ्यांत दाबून धरायचं, तेल थापायचं आणि ती ओरडत असताना दोन वेण्या घालून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी पद्धत. मॅडमना मी ती सांगितलेली नव्हती.

एक वेणी झाली. दुसऱ्या बाजूचे केस मी विंचरायला घेतले. स्वरानं मान वळवली. मला वाटलं, आता चावणार, म्हणून मी मनगट मागं घेतलं आणि कंगवा दुसऱ्या हातात घेतला. तिनं चावलं नाही. तिनं उजवा हात वर केला, तळवा माझ्या छातीवर ठेवला आणि ढकललं. मागं सविता नव्हती. कोपराला कुणाचं बोट नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, सरळ डोळ्यांत. आणि तोंडातनं आवाज आला, “अको.”

मला वाटलं होतं, ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा मी रडेन. मी रडले नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: फक्त दहा-बारा वेळा कंगवा फिरवायचा राहिलाय, एवढं उरकून घेऊ. खरंच तेच आलं. कंगवा केसांत अडकलेला होता. कुणी बघत नव्हतं. माझा हात खाली यायला लागलाही होता.

मग मी कंगवा काढून घेतला. म्हटलं, “नको. बरं.” गुडघे सोडले. स्वरा उठली आणि एक वेणी घातलेली, दुसरीकडं झिंज्या सुटलेल्या, अशी दारातनं बाहेर गेली.

सविता गोधडी पिळत होती. तिनं लेकराचं डोकं बघितलं, मग मला हाक मारली, “आत्या, अर्धीच का सोडली?”

“नको म्हणाली.”

“कुणाला?”

“मला.”

“चावली?”

“न्हाय. हात लावला. बोलली.”

ती गोधडी तशीच हातात घेऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायांवर पडत होतं. मग हसली. लग्न होऊन आली तेव्हापासनं मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला आनंद झाला असं वाटत असेल तर चुकताय. ती माझ्यावर हसत होती. “शिकली की तुमच्या हातनं,” ती म्हणाली. “सगळ्या जगात पहिल्यांदा नको कुणाला म्हणली, तर तुमाला!” आणि परत हसली.

दसऱ्याला आम्ही सोनं वाटायला गेलो तेव्हाही एकच वेणी होती. दुसरी तिनं घालू दिली नाही आणि पहिली सोडू दिली नाही. बायका माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या. मी सविताला विचारलं नाही, राहणार का जाणार. विचारायचा हक्क मला नव्हता, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवितानं भाकरी बांधली, विळा घेतला. सोयाबीन काढायचं होतं. मी चुलीपुढं बसून बघत होते. ती दारापर्यंत गेली, स्वराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि एकटीच शेताकडं निघून गेली.  मागं वळून बघितलंही नाही.

घरात आम्ही दोघीच. मी उठले, गुडघे मोडत स्वराच्या समोर जमिनीवर बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. हातात काही नव्हतं, दही नव्हतं, कंगवा नव्हता. तोंडही बंद होतं. मी मनात मोजायला सुरुवात केली.

मी अजून काहीच केलं नव्हतं. तरी तिनं माझ्याकडं बघितलं आणि तळवा पुढं केला.

मी बसल्या जागी हातभर मागं सरकले.